प्रीतीचे श्रेष्ठत्व कशात आहे?

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मुद्दाम पाठ करावा लागत नाही. तो कानांवर पडून पडून आपोआप पाठ होतो. लग्नविधीत पाळक तो वाचतात, संडे-स्कूलच्या स्पर्धेत मुले तो घडाघडा म्हणून दाखवतात, आणि विश्वास, आशा व प्रीती ही तिन्ही टिकणारी असली तरी त्यांत प्रीती श्रेष्ठ आहे, हे त्याचे शेवटचे वचन चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलेले असते. आमच्या नगरच्या घरीही ते होते. इतक्या ओळखीच्या वचनाविषयी प्रश्न पडायला वेळ लागतो. मला तो दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गात पडला. तेथे आम्हांला शिकवले जात होते की मनुष्याचे तारण देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते आणि ते कर्माने मिळवता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हा पायाच आहे आणि हे शिकवणारा प्रेषितही पौलच आहे. मग ज्या विश्वासाने तारणाचे दार उघडते, त्या विश्वासाहून प्रीती मोठी कशी?

आम्हांला मिळालेले उत्तर असे होते की स्वर्गात देव प्रत्यक्ष दिसेल तेव्हा विश्वासाची गरज उरणार नाही, सर्व वचने पूर्ण होतील तेव्हा आशेचीही उरणार नाही, आणि प्रीती मात्र राहील. हे उत्तर फार जुने आहे. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात तेच दिले होते, आणि जे दिसते त्याची आशा कोण धरतो, असे खुद्द पौलानेही रोमकरांस लिहिले आहे. उत्तर खरे आहे, परंतु माझे त्याने पूर्ण समाधान झाले नाही. केवळ अधिक काळ टिकते म्हणून एखादी गोष्ट श्रेष्ठ ठरत नाही. आणि पौल तर येथे तिन्ही टिकणारी आहेत असे म्हणतो. प्रीतीचे मोठेपण काळात मोजता येणार नसेल तर ते तिच्या स्वरूपात शोधले पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

त्यासाठी प्रथम हा अध्याय लग्नमंडपातून बाहेर काढून करिंथात परत नेला पाहिजे. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेले, पश्चिमेला लेखायोन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरे असलेले ते शहर होते. इसवी सनपूर्व 146 मध्ये रोमन सैन्याने ते उद्ध्वस्त केले आणि सुमारे शंभर वर्षांनी, इसवी सनपूर्व 44 मध्ये, ज्युलियस सीझरच्या आज्ञेने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा उभारले गेले. नव्या वस्तीत गुलामीतून मुक्त झालेली पुष्कळ माणसे होती. जुने घराणे नाही, पण व्यापाराने हाती पैसा आलेला, अशा शहरात माणसाला आपली प्रतिष्ठा रोज नव्याने सिद्ध करावी लागते. पौल तेथे दीड वर्ष राहिला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर राहुट्या करण्याचा धंदा करून त्याने पोट भरले आणि मंडळी स्थापली. पुढे तो इफिस येथे असताना ख्लोवेच्या घरच्या माणसांनी त्याला बातमी आणली की करिंथात तट पडले आहेत. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लो या उपदेशकाचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा, आणि कोणी तर मी ख्रिस्ताचाच. भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. अन्य भाषा बोलण्याचे दान ज्याला मिळाले, तो इतरांना कमी लेखत होता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट अकराव्या अध्यायात आहे. प्रभुभोजन त्या काळी खऱ्या जेवणाबरोबर होत असे. ज्यांना सवड होती ते लवकर येत, आपापले अन्न काढून जेवायला बसत आणि द्राक्षारस पिऊन तर्र होत. ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. ही न आणू शकणारी माणसे बहुधा गुलाम आणि हातावर पोट असलेले मजूर असावेत, कारण दिवसाचे काम आटोपल्याशिवाय त्यांना येताच आले नसते. ज्या मेजावर येशूच्या मोडलेल्या शरीराची आठवण करायची, त्याच मेजावर एकाच्या ताटात सगळे आणि दुसऱ्याच्या ताटात काहीच नाही. पौल त्यांच्यावर रागावतो आणि शेवटी एक साधी आज्ञा देतो: बंधूंनो, जेवायला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. दोनच अध्याय पुढे प्रीती सहनशील आहे असे तो लिहितो, तेव्हा त्या सहनशीलतेला हा ठोस अर्थ असतो. भूक लागलेली असताना, अन्न समोर असताना, बंदरावरून अजून न आलेल्या माणसासाठी हात आवरून बसणे, हा.

या मंडळीत विश्वासाचा तुटवडा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. तुम्ही सर्व ज्ञानात आणि सर्व बोलण्यात संपन्न झाला आहात, असे पौलच पत्राच्या आरंभी त्यांना म्हणतो. ख्रिस्ताच्या येण्याची ते वाट पाहत होते, म्हणजे आशाही होती. जे नव्हते ते एकच होते. म्हणूनच तेराव्या अध्यायाची सुरुवात इतकी कठोर आहे: डोंगर ढळवता येतील एवढा विश्वास असला, सर्व मालमत्ता वाटून टाकली, शरीर जाळण्यासाठी दिले, तरी प्रीती नसेल तर मी काहीच नाही. येथे पौल एक भयंकर शक्यता मान्य करतो. प्रीतीवाचून विश्वास असू शकतो, तो बलवान असू शकतो, चमत्कारही करू शकतो. याकोबाच्या पत्रात हीच गोष्ट आणखी उघडपणे येते: देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. म्हणजे देवाविषयीचे खरे ज्ञान बाळगूनही देवापासून सर्वांत दूर राहता येते.

हे मी माझ्या ओळखीच्या एका मंडळीत पाहिले आहे. विश्वस्तांच्या निवडणुकीवरून तेथे दोन तट पडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, आणि काही वर्षे उपासनेच्या वेळी एक तट डाव्या बाकांवर व दुसरा उजव्या बाकांवर बसत असे. दोन्ही बाजूंची माणसे प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, एकाच सुरात म्हणत. शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांवर कोणाचाही विश्वास डळमळीत नव्हता, आणि ते सार्वकालिक जीवन शेजारच्या बाकावरच्या माणसाबरोबर काढावे लागेल, हा विचार मात्र कोणाच्या मनाला शिवत नव्हता. त्याच काळात एका तटाचे पुढारी आजारी पडून इस्पितळात होते आणि त्यांची पत्नी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होती. दुसऱ्या तटातल्या एका बाईंनी दोन्ही वेळचा डबा द्यायला सुरुवात केली: ज्वारीच्या भाकरी, शेपूची किंवा मेथीची भाजी, आणि झाकण निसटू नये म्हणून वरून जुन्या पातळाच्या फडक्याची घट्ट गाठ. त्यांनी आपला तट सोडला नव्हता, कोर्टातल्या अर्जावरची सही मागे घेतली नव्हती, आणि समेटाचे एक अक्षरही उच्चारले नव्हते. रिकामा डबा संध्याकाळी परत पाठवा, म्हणजे सकाळी भरता येईल, एवढेच त्यांचे म्हणणे असे. पौलाने जे वाट पाहण्याविषयी लिहिले, ते त्या मंडळीत कोणाला कळले असेल तर या बाईंना कळले होते, असे मी मानतो.

विश्वास आणि आशा यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. विश्वासावाचून मी उभा राहू शकत नाही, आणि कबरेच्या काठावर माती टाकताना आशेवाचून कोणीच उभे राहू शकत नाही. परंतु या दोहोंमध्ये मी घेणारा असतो. विश्वासाने मी सत्य स्वीकारतो, आशेने मी येणाऱ्या चांगल्या गोष्टीकडे डोळे लावतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद नेमकेपणाने मांडला आहे. विश्वास आणि आशा देवाकडून आपल्याला काहीतरी मिळते म्हणून देवापर्यंत पोहोचतात. प्रीती मात्र देवापाशी देवासाठीच थांबते, त्याच्याकडून काही मिळावे म्हणून नव्हे. माझ्या दृढीकरणाच्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या परंपरेबाहेरच्या या कॅथलिक गुरूकडे मिळाले. आमच्या परंपरेतला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनही याच वचनापाशी अडखळून विचार करतो आणि म्हणतो की प्रीती श्रेष्ठ आहे ती तिने माणूस देवापुढे नीतिमान ठरतो म्हणून नव्हे, तर तिचे फळ अधिक दूरवर पोहोचते आणि ती सदैव राहते म्हणून. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर याचा विश्वास तर जिवंत आणि उद्योगी होता. सत्कर्मे करावीत की नाही हे विचारण्याआधीच ती करून मोकळा होणारा विश्वास, असे त्याने 1522 मध्ये लिहिले. विश्वास आणि प्रीती यांच्या नात्यावरून पश्चिमेकडच्या मंडळ्या सोळाव्या शतकात दुभंगल्या, रक्तही सांडले, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. प्रीतीने कार्य करणारा विश्वास, हे पौलाने गलतीकरांस लिहिलेले शब्द आधीपासून सर्वांसमोर होतेच.

मला स्वतःला सर्वांत पटणारे कारण याहून साधे आहे. देव विश्वास ठेवत नाही; त्याला सर्व प्रत्यक्ष आहे. देव आशाही धरत नाही, कारण त्याच्याजवळ कशाची उणीव नाही. या दोन्ही गोष्टी सृष्ट जिवाच्या आहेत, प्रवासात असलेल्याच्या आहेत. तिघांपैकी एकच गोष्ट अशी आहे जी देव स्वतः करतो, आणि योहान त्यापुढे जाऊन म्हणतो की देव प्रीतीच आहे. विश्वास धरताना मी देवाकडे पाहतो. प्रीती करताना, कितीही तोकडेपणाने का होईना, देव जे करतो त्यात माझा वाटा असतो.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या दोन प्रसंगांत मला हे स्पष्ट दिसते. पहिला बेथानी गावचा. लाजार मरून चार दिवस झाले आहेत, आणि येशू त्याला उठवणार आहे. त्याला ते ठाऊक आहे. लाजाराची बहीण मार्था हिला त्याने तसे सांगितलेही आहे. आशा पूर्ण व्हायला काही क्षणांचा अवकाश आहे. तरीही दुसऱ्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून येशू रडतो, आणि जमलेले लोक म्हणतात, पाहा, याची त्याच्यावर किती प्रीती होती. केवळ आशेचा विचार केला तर या अश्रूंना काही कारण नाही. परंतु मरीयेचे दुःख त्या क्षणी खरे होते, आणि पुढे होणाऱ्या आनंदाचा हवाला देऊन प्रीती कोणाचे आजचे दुःख ओलांडून जात नाही. आमच्याकडे अंत्यविधीच्या घरी पुनरुत्थानाची वचने फार लवकर ऐकवली जातात, असे मला नेहमी वाटते. बेथानीत आधी अश्रू आले आणि मग हाक.

दुसरा प्रसंग तिबिर्याच्या समुद्रकाठचा. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते. आता पुनरुत्थित येशूने किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवला आहे, त्यावर मासळी ठेवली आहे, भाकर आहे. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना तो आधी न्याहारी देतो, आणि मग पेत्राला विचारतो. पाण्यावरून येशूकडे चालताना भिऊन बुडू लागलेल्या पेत्राचा डळमळलेला विश्वास आपल्याला माहीत आहे, म्हणून खरे तर अपेक्षा अशी होती की येशूने विचारावे, आता तरी तुझा माझ्यावर विश्वास आहे काय? तो ते विचारत नाही. तीनदा एकच प्रश्न: योहानाच्या पुत्रा शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि प्रत्येक वेळी उत्तरानंतर एकच काम: माझ्या मेंढरांना चार, त्यांना पाळ. ढासळलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्यासाठी येशूने हेच एक टोक हाती धरले.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासात हीच वाट सर्वांत ठळकपणे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. शास्त्रांत निष्णात असलेल्या या बाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा युक्तिवादाने त्यांना जिंकणे कोणालाही सोपे नव्हते. वाँटेज येथील अँग्लिकन मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम येथे चालवलेले आपले सुधारगृह दाखवले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथे सन्मानाने राहत होत्या, आणि त्यांतल्या काही स्वतः इतरांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांची काळजी घ्यावी असे ख्रिस्ती लोकांना कशामुळे वाटते, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट, त्यांना वाचून दाखवली. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. प्रीती आधी डोळ्यांनी दिसली. तिचे मूळ शोधत त्या ख्रिस्तापाशी आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यानंतर विश्वासाच्या मुद्द्यांवर त्यांचे आणि त्यांच्या धर्ममातेचे, सिस्टर जेराल्डीन यांचे, पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धान्तापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टी रमाबाईंनी तपासल्याशिवाय मानल्या नाहीत. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला पुढे आठ वर्षांनी भेटला, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. विश्वासाचा हा प्रवास इतका अवघड, इतका प्रामाणिक होता. मात्र फुलमला जे पाहिले त्याविषयी त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि मोठी बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली होती. रानातला पाला खाऊन त्या कुटुंबाने दिवस काढले होते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि भुकेने खंगलेल्या मुलींना व तरुण विधवांना घेऊन आल्या. प्लेगमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून दौंडजवळच्या केडगावला त्यांची सोय केली गेली, आणि त्या माळरानावर मुक्ति मिशन उभे राहिले. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी काढलेल्या घराचे नाव कृपासदन. फुलमची गोष्ट महाराष्ट्राच्या मातीत अशी रुजली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे कामही त्यांनी याच बायकांच्या गराड्यात, याच आवारातल्या छापखान्याच्या आधाराने, आपल्या मृत्यूपर्यंत म्हणजे 1922 पर्यंत चालवले.

रमाबाई दुष्काळाच्या गावांतून फिरत होत्या त्याच सुमारास फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मठात एक तरुण भगिनी क्षयाने खंगत होती. बाळ येशूची संत तेरेजा म्हणून पुढे ती जगाला माहीत झाली. 1896 च्या ईस्टरच्या दिवसांत तिच्या तोंडून प्रथम रक्त पडले, आणि लगेच तिच्या मनात दाट अंधार पसरला. मरणापलीकडे काहीच नाही, नुसती शून्याची रात्र आहे, असे विचार तिला छळू लागले. विश्वास भावनेला जाणवेनासा झाला, स्वर्गाची आशा हातची निसटल्यासारखी झाली. याच अंधारात, त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, तिने करिंथकरांस पत्राचे बारावा आणि तेरावा हे अध्याय वाचले, आणि मंडळीच्या शरीरात आपण हृदय व्हायचे, प्रीती व्हायचे, हे तिला उमगले. पुढच्या जूनमध्ये, मृत्यूला जेमतेम तीन-चार महिने उरले असताना, तिने एक जुनी आठवण लिहिली. मठात एक वृद्ध, अपंग आणि कशानेच समाधान न होणारी भगिनी होती, आणि रोज संध्याकाळी तिला आधार देत जेवणघरात नेण्याचे काम तेरेजा करीत असे. वाकड्या झालेल्या बोटांनी तिला पाव कापता येत नाही, हे एकदा तेरेजाच्या लक्षात आले. मग ती रोज जाण्यापूर्वी तिचा पाव कापून ठेवू लागली. विश्वास आणि आशा तिने टाकली नव्हती, ती इच्छाशक्तीने धरून ठेवली होती. परंतु ती धरून ठेवण्याचे बळ तिला कोठून आले असेल, याचे उत्तर मला त्या कापलेल्या पावात दिसते.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मंडळ्यांत तो टाळला जातो. प्रीती श्रेष्ठ असेल, तर ज्यांनी आमचा विश्वास कधीच स्वीकारला नाही अशा माणसांच्या प्रीतीचे काय? मी ज्या आळीत राहतो तेथे ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत, आणि अडीअडचणीला धावून येणारे हात बहुतेक इतर धर्मांच्या लोकांचे आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या दृश्यात, राजाच्या उजवीकडे उभे असलेले लोक गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले? आपण कोणाला जेवू घातले हे त्यांना माहीत नव्हते; माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, असे राजा उत्तर देतो. या उताऱ्यातले कनिष्ठ बंधू म्हणजे केवळ येशूचे शिष्य, असा अर्थ काही विद्वान करतात, आणि त्याला मत्तयाच्या लेखनात आधारही आहे. तो नीट अभ्यासूनही मला तेवढ्यावर थांबता येत नाही. मी दर रविवारी विश्वासांगीकार म्हणतो, त्यातला प्रत्येक शब्द मनापासून म्हणतो, आणि येशूची ओळख शेजाऱ्यांना व्हावी अशी माझी उघड इच्छा आहे. पण त्यांची प्रीती अपुरी किंवा खोटी आहे असे मी म्हणणार नाही. प्रीती देवापासून आहे आणि जो कोणी प्रीती करतो तो देवापासून जन्मलेला आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे, आणि त्या वाक्यात योहानाने जी अट घातली नाही, ती मी घालावी असे मला वाटत नाही.